बाकावरची हिराआय

माझ्या आवाजाबद्दल आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. कराडजवळ आमचं गाव आणि शेत ओढ्याच्या पलीकडे. भाकरी झाली की अलीकडच्या काठावरून वडिलांना हाक मारायचं काम लहानपणापासून माझ्याकडे होतं. तोच आवाज घेऊन मी नर्सिंगला गेले आणि तोच घेऊन नवी मुंबईत नोकरीला लागले. पोलिओच्या डोसाच्या दिवशी भोंग्याची रिक्षा आली नाही, तर आमच्या डॉक्टर मॅडम म्हणत, "राहू दे, सिस्टर आहेत ना." हे मी कौतुक समजत असे.

निवृत्त झाल्यापासून लोक विचारतात, सिस्टर, एवढ्या वर्षांत किती बाळंतपणं केलीत? मी मोजली नाहीत. मला आठवतं ते एक बाक आणि त्यावर रोज येऊन बसणारी एक बाई. माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक त्या बाकावर चार वर्षं माझ्यासमोर बसून होती आणि मी तिला रोज "आय, जरा सरकून बसा" म्हणत होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. ऐरोलीची नवी वसाहत वाढत होती आणि तिच्या कडेला, खाडीच्या अंगाला, जुनं गावठाण होतं. तिथे आमचं आरोग्य केंद्र. केंद्र म्हणजे एका घराचा तळमजला. एक लांबट खोली, पुढे ओटा, मागे एक कुलूपबंद खोली, आणि बाजूने वर जाणारा सोळा पायऱ्यांचा जिना. वरच्या मजल्यावर घरमालकीण राहायची. गावाची भातशेती वसाहतीत गेल्यावर बऱ्याच जणांनी अशी घरं बांधली होती आणि तळमजले भाड्याने दिले होते. कुणाकडे किराणा दुकान आलं, कुणाकडे शिकवणीचे वर्ग. हिराबाईंच्या नशिबी आम्ही आलो. गावात त्यांना सगळे हिराआय म्हणत.

आमचं काम सरकारी कागदात मोठ्या नावाचं होतं. साध्या भाषेत सांगायचं तर गरोदर बायांना तपासायचं, पोरांना लस टोचायची, आणि ज्यांना इतक्यात मूल नको आहे त्यांना गोळ्या, निरोध नाहीतर तांबी द्यायची. तांबी म्हणजे तांब्याची बारीक तार गुंडाळलेली इंग्रजी टी अक्षरासारखी छोटी वस्तू. ती गर्भाशयात बसवतात. बसवायला पाच मिनिटं लागतात, पण बाईला टेबलावर झोपवायला कधी कधी पाच महिने लागतात. तिला आधी नवऱ्याची भीती, मग सासूची, मग तांबी पोटातून वर चढून काळजाला लागेल ही भीती, आणि सगळ्यात शेवटी सिस्टरची.

त्या काळात आम्हाला टार्गेट असे. या महिन्यात इतक्या तांब्या, इतकी ऑपरेशनं. बाई ही आमच्या लेखी 'केस' होती. मी बेधडक ओट्यावर उभी राहून हाक द्यायचे, "तांबीवाल्या उजवीकडे, गोळ्यावाल्या डावीकडे, पोटुशा मध्ये बसा!" यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. उलट शिस्त आहे असंच वाटायचं.

तपासणीचं टेबल त्याच खोलीत कोपऱ्यात, लोखंडी कपाटाच्या आडोशाला. कपाट टेबलापेक्षा आखूड होतं. म्हणजे बाईचं कमरेपर्यंत झाकलं जायचं आणि बाकीची बाई उघड्यावर.

आणि समोर बाकावर हिराआय. साठीची बाई, आखूड नेसलेलं लुगडं, अंबाड्यात अबोलीची वेणी, नजर घारीची. सकाळी आम्ही कुलूप काढलं की ती घडी घातलेली गोधडी घेऊन खाली यायची, बाकाच्या कडेला गोधडी अंथरायची, एका मांडीवर कलून बसायची, आणि दुपारी आम्ही डबे उघडेपर्यंत हलायची नाही. उठलीच तर मध्येच वर जायची, दहा मिनिटांत परत. वर जाताना जिन्याच्या मध्यावर थांबून राहायची. आमची आया शांताबाई म्हणायची, "बघा, तिकडून खिडकीतून आत डोकावतेय म्हातारी." मलाही तसंच वाटायचं. तिला उठवायचं कसं? घर तिचं, जिना तिचा, आणि बाकसुद्धा तिचाच.

"कोनाची गो तू?" प्रत्येक नव्या बाईला तिचा पहिला प्रश्न. बाईने नवऱ्याचं नाव सांगितलं की हिराआय त्या घराण्याच्या तीन पिढ्या सांगायची. बाई पदर तोंडावर ओढून लस, गोळी जे काही घ्यायला आली असेल ते विसरून "मी उद्या येते" म्हणून निघून जायची. आमच्याकडे उद्या येणाऱ्या बायांची संख्या फार होती.

मग एका वर्षी वरून हुकूम आला की टार्गेट बंद. आता संख्या नाही, दर्जा. आम्हाला पहिल्यांदा हे नोकरी गेल्यासारखंच वाटलं. दर्जा म्हणजे काय आणि तो कुठल्या रजिस्टरात चढवायचा, कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून सीबीडी बेलापूरला तीन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं. पुण्याहून आलेल्या एक मॅडम शिकवायला होत्या. त्या म्हणाल्या, बाईला मान द्या, सगळ्या पद्धती समजावून सांगा, निवड तिची तिला करू द्या, आणि तिची गोष्ट तिच्यात आणि तुमच्यात ठेवा. मग त्यांनी विचारलं, "गोपनीयता म्हणजे काय, कोण सांगेल?" मी हात वर केला आणि असं उत्तर दिलं की हॉलभर टाळ्या पडल्या. त्याच इमारतीत खाली दवाखाना होता, तिथेही माझं उत्तर ऐकू गेलं असणार.

चहाच्या सुट्टीत मी खाली उतरले. दवाखान्याच्या रांगेत तीसेक बाया बसलेल्या. एकीने डोक्यावरून पदर इतका पुढे घेतला होता की हनुवटीच तेवढी दिसत होती. पण मांडीवरचं बाळ मी ओळखलं, त्याला लस मीच टोचली होती.

"अगं रेखाऽ!" मी दारातून म्हणाले. "तू इथं कुठं? तांबीला आलीस काय?"

तीस माना वळल्या. औषधं देणाऱ्या माणसाचा हातसुद्धा थांबला. रेखा ही हिराआयची सून, आमच्या बरोब्बर डोक्यावर राहणारी. ती उठली, बाळ उचललं आणि तरातरा बाहेर गेली. मी तिच्या मागे. बसस्टॉपवर गाठली तेव्हा ती रडत होती.

"दोन बस बदलून आले मी, सिस्टर," ती म्हणाली. "आयला सांगितलं, बँकेत काम आहे. एवढं करून इथं ते म्हणतात, तुमचा एरिया वेगळा, तुमच्या सेंटरला जा. आणि वरून तुमी."

मी ओशाळले, पण माझी खोड अशी की ओशाळले की मी भांडते. "खाली सोळा पायऱ्या उतरलीस की आमचं केंद्र आहे. आमच्याकडे काय कमी आहे? तांबी दोन्हीकडे एकाच पेटीतून येते!"

"तांबी तीच असेल. पण खाली बाकावर आय बसतात."

"त्यांना मी बघते."

"आणि तुमचा आवाज, सिस्टर." तिने डोळे पुसले. "राग नका मानू. मी गच्चीवर कपडे वाळत घालते ना, तेव्हा मला सगळं ऐकायला येतं. कोणाची पाळी चुकली, कोणाला पांढरं जातं. मला सगळ्या गावाचं पाठ झालंय. माझं कोणी ऐकायला नको."

हे तिने इतक्या साधेपणाने सांगितलं की मी भांडायचंच विसरले. माझ्या बाबतीत असं क्वचितच होतं.

रेखाची अडचण खरी होती. पहिली मुलगी सहा वर्षांची, दुसरी ही मांडीवरची, आठ महिन्यांची, पोट फाडून झालेली. मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं की दोन-तीन वर्षं दिवस राहता कामा नयेत, टाका अजून कच्चा आहे. मागच्या महिन्यात पाळी आठ दिवस पुढे गेली तेव्हा ती झोपली नव्हती. घरात सासूला नातू हवा असणार, असं ती धरून चालली होती. नवरा दत्ता न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवायचा. चाळीस फुटी ट्रेलर अरुंद गल्लीत वळवणारा हा सहा फुटी माणूस आईसमोर मात्र पाण्याचा पेलासुद्धा विचारून उचलायचा. त्याची तांबीला ना नव्हती, पण आईला सांगायची छाती नव्हती.

तोपर्यंतची सोय म्हणून मी दत्ताला निरोधची पाकिटं दिली. घरात आई साफसफाई करते म्हणून त्याने ती ट्रेलरच्या केबिनमध्ये ठेवली. मग ट्रेलर मालकाने दुसऱ्या ड्रायव्हरला दिला. आठवड्याने रेखा जिन्यातून हळूच म्हणाली, "सिस्टर, ते घरी आलेत, पाकिटं न्हावा शेव्याला आहेत." त्या दिवशी मी ठरवलं की दर्जा म्हणजे काय ते मला कळलंय. रेखाने सोळा पायऱ्या उतरून, कुणाला न कळता, आपल्या कामाचं उरकून परत सोळा पायऱ्या चढून जावं. एवढं जमलं की आमचं केंद्र सुधारलं. आणि हे तिला पुन्हा दिवस जायच्या आत जमायला हवं होतं.

सुरुवात पडद्यापासून केली. बेलापूरच्या आमच्या मुख्य कार्यालयात स्टोअर आणि मासिक अहवाल, दोन्ही जाधव नावाच्या गृहस्थांकडे. मी मागणीपत्र दिलं, पडदा एक. जाधव म्हणाले, "सिस्टर, यादीत पडदा आहे, पण तो खिडकीचा आहे."

"मला बाईच्या आडोशाला हवाय."

"बाईच्या आडोशाचा यादीत नाही. खिडकीचा घ्या आणि तुम्ही कुठे लावाल तिथे लावा, मी बघायला येत नाही."

चार फुटांचा हिरवा पडदा आला. आता खोलीच्या दोन भिंतींना दोरी बांधून तो लावायचा, तर वरून डोकं झाकावं तर पाय उघडे, पाय झाकावेत तर चेहरा उघडा. मी आणि शांताबाईने तो वरखाली करून पाहिला. शेवटी ठरलं की ओळख चेहऱ्याने पटते, तेव्हा चेहरा झाका.

पहिलीच बाई पडद्याआड गेली आणि बाकावरून आवाज आला, "ही तर ना, खालच्या आलीतली बेबी. जोडवी बगा ना, मीच दिल्ती लग्नान." सगळा बाक हसला. पडद्यामागून बेबीसुद्धा हसली, पण पुन्हा म्हणून आली नाही.

मी दुसरा पडदा मागवला आणि शांताबाईने दोन्ही जोडून जमिनीपर्यंत शिवला. आता हिराआयला बेबीची जोडवी दिसणार नव्हती. तिने मान कलती करून पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग दाराकडे बोट केलं. दारात चपलांची रांग. आमच्याकडे चपला बाहेर काढून आत यायची पद्धत, आणि त्या गावात कुणाची चप्पल कुठली हे सगळ्यांना ठाऊक. "निला पट्टा शेवंतीचा," हिराआय म्हणाली. "तुटलेल्या अंगठ्याची पाटलांची मोठी सून. नर्सबाय, पडदा लावून काय उपेग?"

मी वैतागून फतवा काढला की उद्यापासून चपला पायात घालून आत यायचं. यावर शांताबाईने बंड केलं. तिचं म्हणणं, पावसाळ्यात खाडीचा चिखल येतो, तो पुसणार कोण, मॅडम की तुम्ही? तडजोड म्हणून चपला हातात घेऊन आत यायचं ठरलं. त्या महिनाभर आमच्या केंद्रात जे कुणी आलं त्याला वाटलं असेल, इथे कुणाला तरी चोपायचा बेत आहे.

राहिला माझा आवाज. डॉक्टर मॅडम आठवड्यातून दोन दिवस यायच्या, वयाने माझ्याहून लहान, स्वभावाने गोड. त्यांनी मला हळू बोलायची सवय लावायचं मनावर घेतलं. म्हणाल्या, "सिस्टर, शेजारच्या खोलीत बाळ झोपलंय असं समजा." मी समजले. एका पहिलटकरणीच्या कानाशी वाकून, जमेल तितक्या हळू मी म्हणाले, "तुझं रक्त जरा कमी आहे हं." ती पोरगी पांढरी पडली. मला कधी कुणी हळू बोलताना ऐकलेलंच नव्हतं. "सिस्टर," ती हुंदके देत म्हणाली, "माझ्याकडे किती दिवस आहेत?" तिला समजावण्यासाठी मला पुन्हा नेहमीच्या आवाजात यावं लागलं, तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला की लोहाच्या गोळ्यांनी काम भागेल.

हिराआयला हलवायचेही सगळे उपाय करून झाले. अंगणवाडीत लसीच्या दिवशी पोरं सांभाळायला पाठवलं, एक दिवस गेली, दुसऱ्या दिवशी गोधडीसकट हजर. देवळातल्या भजनाची वेळ सुचवली. "भजनाला खाली बसाला लागतं," म्हणाली. मी दत्तालाही सांगून पाहिलं. तो म्हणाला, "सिस्टर, मी तिला उठ म्हणू? उद्या माझ्या पाठीला औषध तुमीच लावाल का?"

महिना दीड महिना असाच गेला. रेखा जिन्यातून खुणेने विचारायची, झालं का? मी खुणेने सांगायचे, अजून नाही. तिची पाळी आली की आम्ही दोघी गुपचूप हसायचो आणि पुन्हा पुढच्या महिन्याची धास्ती सुरू.

शेवटी मला दिसलं की खरा उपाय मागच्या कुलूपबंद खोलीत आहे. चार भिंती, दार, वर लहानशी खिडकी. एकेक बाई आत घ्यायची, दार लावायचं, आणि मग आत तिने तांबी बसवली की खोकल्याचं औषध घेतलं हे बाहेर कुणाला कळायचं काही कारण नव्हतं. पण त्या खोलीत हिराआयच्या नवऱ्याची मासेमारीची जाळी होती, लग्नाची पातेली होती, गणपतीचं मखर होतं, आणि किल्ली हिराआयच्या कनवटीला. म्हणजे जिला बाहेर ठेवायचं, तिच्याकडेच खोली मागायची.

एका दुपारी बाया पांगल्यावर मी तिच्या शेजारी बाकावर बसले. घसा खाकरला, आवाज उतरवला आणि सगळं भाषण केलं, बाईचा मान, बाईची लाज, चार भिंती. तिने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता फाडून खाणार.

"दाराला आतून कडी हाय?" तिने विचारलं.

"नाही. बसवून घेता येईल."

"आतला बोलनं भायेर आयकाला येल?"

"दार लावलं तर नाही येणार. मी हळू बोलेन."

"तू?" ती माझ्याकडे बघत राहिली. "आन् खिरकीतना?"

"ती उंच आहे, आय. काच रंगवून घेऊ."

ती उठली आणि कमरेवर हात ठेवून वर गेली. जिन्याच्या मध्यावर नेहमीसारखी थांबली. शांताबाई म्हणाली, "गेली खोली." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आलो तर ओट्यावर जाळी, पातेली, मखर सगळं बाहेर काढलेलं. दत्ता आणि त्याचा चुलतभाऊ आत चुना लावत होते आणि सुतार दाराला आतून एक नाही, दोन कड्या ठोकत होता, एक वर, एक खाली. हिराआय बाकावर बसून देखरेख करत होती. दत्ता चुन्याने माखलेल्या चेहऱ्याने मला म्हणाला, "तिला काय झालंय, सिस्टर? पहाटेपासून मागे लागलीय."

मला वाटलं, माझ्या भाषणाचा परिणाम. मनातल्या मनात पुण्याच्या मॅडमना सांगूनही टाकलं.

दोन दिवसांनी खोली सुरू झाली. टेबल, दिवा, भांडी उकळायचा स्टोव्ह, सगळं आत नेलं. डॉक्टर मॅडम येणार होत्या. त्या दिवशी केंद्र लवकर उघडायचं ठरवून मी रेखाला निरोप दिला होता, साडेनऊला खाली ये, इतक्या लवकर कुणी नसेल. हिराआय त्या वेळी देवपूजेत असायची. मी आत हात धुवत होते. दार वाजलं. "ये गं," मी म्हणाले, हळू.

हिराआय आत आली. तिने दार लावलं. वरची कडी घातली, खालची घातली, दोन्ही ओढून बघितल्या. मग खिडकीकडे पाहिलं. मग टेबलाला टेकून उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "नर्सबाय, माजा अंग भायेर येतंय."

अंग बाहेर येणं म्हणजे गर्भाशय खाली सरकून बाहेर येणं. पुष्कळ बाळंतपणं झालेल्या, बाळंतपणानंतर लगेच भाताची ओझी उचललेल्या बायांना होतं. बसलं की दुखतं, चाललं की दुखतं, जिना चढताना मध्ये थांबावं लागतं, लघवीला सारखं जावं लागतं. हे आम्हाला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात. परीक्षेत मला त्यावर पैकीच्या पैकी मार्क होते.

"कधीपासून, आय?"

"सातव्या पोराच्या येलेपासना. तो गेला. यो तरास ऱ्हायला."

"अहो, चार वर्षं तुम्ही माझ्यासमोर बसताय!"

"हालू," ती म्हणाली आणि दाराकडे पाहिलं. मग तिने सांगितलं. केंद्र आलं तेव्हा तिला वाटलं होतं, आता आपल्याच घरात दवाखाना आला, एक दिवस कुणी नसताना सांगू. म्हणून रोज यायची. पण कुणी नसतं असं कधी झालंच नाही. "आन् तू कसा बोलतस गो. मी तुना सांगला असता, तू डागतरीनला हाक मारली असती, खाडीपलीकडं आयकला असता. पडदा लावलास तवा मना वाटला, आता जाला. पन पाय दिसत व्हते. मंग चपला. मी तुना परतेक येली सांगला ना, का दिसतंय म्हनून?"

सांगितलं होतं. प्रत्येक वेळी सांगितलं होतं. मी त्याला चोंबडेपणा म्हणत होते. आमच्या केंद्राची सगळ्यात बारकाईने तपासणी त्या बाईने केली होती आणि मी तिला भजनाला पाठवत होते. मला तिथल्या तिथे रडू आलं. तिने मला रडू दिलं नाही. "आदी बग," म्हणाली.

मी तपासलं. डॉक्टर मॅडम आल्यावर त्यांनी तपासलं. मोठ्या इस्पितळात ऑपरेशन होण्यासारखं होतं आणि पुढे ते झालंही. पण त्या सकाळी लुगडं नीट करून हिराआय कड्या काढायला गेली आणि थांबली.

"आता तिला घे आत."

"कुणाला?"

"कोनाला काय? माजी सून. जिन्यावर उबी हाय कवाची. मी हिकडं हाय म्हनून उतरत नाय." मी काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं. "झूट बोलू नको. बेलापूरला गेल्ती ता पन मना ठाव हाय. बँकेन जाताना कोन पोरीला दोन लंगोट जास्तीची घेतं?"

"आय, तुम्हाला नातू हवा असेल..."

"हवा हाय," ती स्पष्ट म्हणाली. "पन मी सात काडली, यो बग माजा काय जाला. तिचा तर पोट फारलंय. पयला तिचा अंग धड ऱ्हावाला पायजेल."

तिने कड्या काढल्या. रेखा खरंच शेवटच्या पायरीवर उभी होती. सासूला त्या दारातून बाहेर येताना पाहून ती गोठलीच. सासू आत काय करत होती हे तिला कळेना आणि आपण का आलो हे सासूला कळलं की काय, हेही कळेना. हिराआयने तिच्या कडेवरचं बाळ काढून घेतलं. "जा," एवढंच म्हणाली. रेखा आत आली. काम पाच मिनिटांचं होतं. ती टेबलावर पडल्या पडल्या रडत होती आणि हसत होती आणि मला सारखी विचारत होती, "आय का आल्या होत्या?" पहिल्यांदाच आयुष्यात मी कुणाला काही सांगितलं नाही. बाहेरून हिराआयचा आवाज येत होता, आल्या बायांना दटावत होती, आत कोन हाय ते कोनी इच्यारायचा नाय, इच्यारनारी घरी जायची.

त्यानंतर 'उद्या येते' म्हणणाऱ्या बाया खरंच येऊ लागल्या. कितीतरी जणी अशा होत्या की वर्षानुवर्षं अंगावर काढत होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच आमच्या ओट्यासमोरून रोज पाणी भरायला जायच्या. त्यांना मी नावानिशी ओळखत होते आणि त्यांच्याबद्दल मला काही ठाऊक नव्हतं. ही रुखरुख अजून आहे.

त्याच महिन्यात दर्जाचा नवा तक्ता आला. त्यात एक रकाना होता, लाभार्थीला सेवेसाठी थांबावं लागलेला सर्वाधिक काळ. मी भरला आणि पाठवून दिला. चार दिवसांनी जाधवांचा फोन.

"सिस्टर, हा रकाना मिनिटांचा आहे. तुम्ही चार वर्षं लिहिलंय."

"बरोबर लिहिलंय."

"अहो, असं कसं? बाई चार वर्षं कुठे बसली होती?"

"बाकावर," मी म्हणाले. "माझ्या समोर."

जाधव म्हणाले, "सिस्टर, हे वर पाठवता येणार नाही." त्यांनी चार वर्षं खोडून चाळीस मिनिटं केली, आणि त्या तिमाहीत आमच्या केंद्राला उत्तम असा शेरा मिळाला.